दोन बोटं उजवीकडं

परतवाड्याला सैफुद्दीनभाईच्या दुकानात
खिळे, कुलपं, उंदरांचे पिंजरे आणि त्यामागं
काचेच्या कपाटात तीन दुर्बिणी.
बाबांनी तिन्ही काढायला लावल्या,
बाजारात बैलाचे दात पाहावेत तशा
वाकून वाकून पाहिल्या.

पहिली तीन ते नऊ पट. आत लाल दिवा, हिरवा दिवा.
"पोरीले बत्ती नाई पायजे," बाबा म्हणाले,
"निशाना पायजे."
दुसरी स्वस्त, वजनाला हलकी.
ती त्यांनी कानाशी धरून हलवली, नारळ हलवतात तशी.
आत काहीतरी बारीकसं किणकिणलं.
"हे स्प्रिंगची बंदूक हाय, भाई.
मोठ्या बंदुकीवानी नुसती मागं नाई येत,
मागं येते अन् मंग पुढं बी झटका देते.
चार डबे छर्रे झाले का हिची फुली गयून पडन."
"तुमाले तं समदं मालूम हाय, गोमाजीभाऊ."

मालूम असणारच.
बहिरमच्या जत्रेत महिनाभर आमचा फुग्यांचा फळा असतो:
पाच बंदुका, वीस रुपयांत दहा छर्रे.
आदल्या रात्री कंदिलापाशी बसून
बाबा एकेका बंदुकीची माशी
छोट्या हातोडीनं अंमळ वाकवतात.
एक नंबर खाली मारते.
तीन नंबर दोन बोटं डावीकडं.
पाच नंबरला ते आमदार म्हणतात,
कुठं जाईल ते तिलाच ठाऊक नसतं.

तोच माणूस त्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून
तिसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून
लाकूड डेपोतले सागाचे ओंडके पाहत होता,
मग पाण्याची टाकी,
मग दहा पावलांवरच्या हातगाडीवरचं
एकच संत्रं.
"दूरचं तं सारेच दाखवतेत.
जवळचं पुसट होते का, ते पाहा लागते."
पुढची कडी फिरवली. संत्र्याच्या सालीची भोकं उघडली.
मग डोळा जरा डावीकडं नेला, जरा उजवीकडं.
फुली संत्र्यावरून हलली नाही.
"हे खोटं नाई बोलत," ते म्हणाले,
आणि भाव विचारला.

चार पट. साधी फुली. तीन हजार चारशे.
बाबांनी सगळे दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटांत दिले.
हुकलेल्या माणसांच्या नोटा,
काहींवर हंडीतल्या मटणाचा रस्सा वाळलेला.

घरामागं तेलाच्या डब्याचे तितर कापून
चाळीस पावलांवर बांधावर ठेवले.
बाबांनी स्वतः एकही छर्रा मारला नाही.
"वर दोन खटके. डावीकडं एक. आता दम खाय."
अठराव्या छऱ्याला पहिला तितर
ठण्णकन उताणा झाला.
मी मागं पाहिलं. ते तंबाखू मळत होते.

यंदा जत्रेत मी बंदूक घरी ठेवली,
दुर्बीण तेवढी काढून ओढणीत गुंडाळून नेली.
देवळाच्या पायऱ्यांवरून पाळणा पाहिला,
रेवड्यांवरच्या माशा पाहिल्या,
फिरवता फिरवता आमचा फळा आला.
एक पोरगं, सदऱ्याला बटणाऐवजी पिन,
हातात तीन नंबर.
पोरगं रडकुंडीला आलेलं; नऊ तरी हुकले असावेत.
बाबा शेवटचा छर्रा भरून देताना
त्याच्या कानाशी वाकले.
फुली नेमकी त्यांच्या ओठांवर आली.
मी ती चटकन बाजूला घेतली,
पण तोवर वाचून झालं होतं:
दोन बोटं उजवीकडं.

लाल फुगा फुटला.
आवाज पायऱ्यांपर्यंत जरा उशिरा आला.

हे यंदापासून, की पहिल्यापासून?
चार पटीत तेवढं दिसत नाही.

रात्री बाबा राहुटीत चाचपडत होते.
"हातोडी कुठं ठेवली व?"
कंदिलापाशीच होती. मी उचलून दिली.
लोकांच्या हाताखाली महिनाभर राहून
आमदाराची माशी
आपोआप सरळ व्हायला लागली होती.